आईसाठी रस्ता बंद

शनिवारी सकाळी गल्लीत अकरा स्कूटर, तीन मोटारी, दोन हातगाड्या, सात कुंड्या, वाळूचा एक ढीग आणि एक झोपलेलं कुत्रं होतं. मोटारींपैकी एक वर्षभरात जागची हललेली नव्हती. तिच्या चाकांभोवती गवत उगवलं होतं, आणि ती मोटारींत धरायची की कुंड्यांत, यावर दशांशने गॅलरीत उभं राहून बराच विचार केला. शेवटी मोटारींत धरली, कारण तिचा मालक अजून तिला रोज फडक्याने पुसत असे.

दशांश हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. तो पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. किती वाजले असं कुणी विचारलं, तर "चार वाजून सात मिनिटं, पण माझं घड्याळ चाळीस सेकंद पुढे आहे" असं सांगणारा माणूस. गल्लीने हे नाव ठेवलं तेव्हा त्याला राग आला नाही. उलट, गल्लीला एकदाचं काहीतरी अचूक जमलं, असं त्याला वाटलं.

मोजणी चालली होती ती आईसाठी. आईचा उजवा गुडघा सहा आठवड्यांपूर्वी बदलला होता. नवा गुडघा उत्तम होता, बिघडली होती ती आई. वॉकर टेकत ती पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जायची, ओट्याशी पोचली की "बास" म्हणायची आणि तिथेच स्टुलावर बसून राहायची. तिला परत आणायला नाकदुऱ्या काढाव्या लागत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी शेवटी स्पष्टच सांगितलं, "महिनाअखेरच्या सोमवारी डॉक्टर बघणार आहेत. तोवर एका दमात साठ मीटर चालल्या नाहीत तर गुडघा आखडतो. मग पुन्हा भूल द्यायची आणि वाकवायचा. आवडेल का?" भूल हा शब्द ऐकून आईचं दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. पण म्हणून ती चालायला उठली, असंही नाही.

आणि ही कोण आई? तर जिच्यासोबत बाजारात जायला गल्लीतल्या बायका कचरत असत ती. त्या कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत ही भाजी घेऊन परत येताना त्यांना भेटायची. समोरच्या घरातल्या शिवणकाकूंना तर तिने एकदा भर रस्त्यात, "तुम्ही या मागून, मी तुमच्याही मिरच्या घेते," असं सांगितलं होतं. शिवणकाकूंनी त्या मिरच्यांना हात लावला नाही.

एकदाच तिला खाली उतरवलं होतं. जिना ठीक उतरली, वॉकर टेकत कुंड्यांपर्यंत गेली, आणि मागून एका स्कूटरवाल्याने असा हॉर्न वाजवला की वाळूचा ढीगसुद्धा दचकला असता. आई त्याच ढिगावर बसली. समोरच्या खिडकीत शिवणयंत्र थांबलं. तेवढं तिला पुरलं. "मी आता घरातच बरी," ती म्हणाली, आणि हे ती अगदी शांतपणे म्हणाली. आई आरडाओरडा करते तेव्हा ती बरी असते, हा त्याचा अनेक वर्षांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष होता.

त्या दिवसापासून त्याला बसवेना. प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना त्याचा पाय टेबलाखाली एकसारखा हलत असे, इतका की शेजारच्या तराजूचा काटा स्थिर होईना. गल्ली तासभर रिकामी मिळाली तर आई चालेल, याबद्दल त्याला शंका नव्हती. प्रश्न फक्त रिकामी करायची कशी, एवढाच होता.

अशा प्रश्नांना गल्लीत उत्तरांची कमतरता नसते.

"पहाटे ने," तळमजल्यावरचे हेडसर म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त फक्त शाळेतून.

"पहाटे? चोरासारखी?" आई वरून ओरडली. तिचे कान बदलायची वेळ अजून आली नव्हती.

"मग सरळ दोन खुर्च्या आडव्या टाक. रस्ता बंद. त्यात काय एवढं! आमच्या वेळी शाळा सुटताना मी एकटा हात आडवा करून उभा राहायचो."

"आणि वाहनं थांबायची?"

"एकदा नाही थांबलं एक," हेडसर म्हणाले आणि विषय बदलला.

दशांशने पुढच्या रविवारी दोन्ही टोकांना दोन-दोन खुर्च्या टाकल्या. एक हेडसरांनी स्वतःची दिली, हातांची, सागवानी, जिच्यावर बसून त्यांनी म्हणे तीन पिढ्यांना पाढे शिकवले होते. पहिल्या दहा मिनिटांत एका खुर्चीवर बसाची वाट बघणारा एक गृहस्थ येऊन बसला. दुसरीवर कुणीतरी दुधाची पिशवी ठेवली. सामान पोचवणाऱ्या एकाने तिसरी उचलून बाजूला ठेवली, स्कूटर आत घेतली आणि सभ्य माणूस असल्यामुळे जाताना खुर्ची पुन्हा जागेवर ठेवली. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वॉकर धरून उभी, "झालं का रे? उतरू का?" एवढ्यात पालिकेची अतिक्रमणाची गाडी आली. त्यातून दोघे उतरले. त्यांनी चारही खुर्च्या गाडीत टाकल्या. बसलेल्या गृहस्थाला मात्र उठायला सांगितलं. गाडीवाले त्याला गाडीतूनच बसथांब्यापर्यंत सोडायला तयार होते, हे नंतर कळलं.

आई मागे वळून, कठडा धरून, मुकाट्याने वर गेली. हेडसर त्या दिवसापासून दारात उभे राहू लागले. "बसायला काय, मी उभाही राहू शकतो," असं ते दिवसातून पाच-सहा वेळा, विशेषतः दशांश जाता-येताना म्हणत.

खुर्ची सोडवायला दशांश पालिकेत गेला. ती त्याची पहिली चूक. खुर्ची सोडवून तो गुपचूप परत आला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शास्त्र शिकलेल्या माणसाला प्रश्न विचारायची खोड असते. खिडकीपलीकडच्या बाईंनी चारही खुर्च्या परत करायची पावती पुढे सरकवली, आणि हा म्हणाला, "एक विचारू? रस्ता नियमाने बंद करायचा असेल तर काय करावं लागतं?"

हात दाखवून अवलक्षण, ते हेच.

त्या बाई नाकावरचा चष्मा सरळ करून त्याच्याकडे बघतच राहिल्या. रस्ता अडवणारे त्यांनी खूप पाहिले होते, विचारून अडवणारा पहिलाच. कार्यालयाचं एक असतं: त्याला विचारलं नाही तर ते झोपलेलं असतं, आणि विचारलं की त्याला उत्तर असावंच लागतं. बाईंनी एक जाडजूड नियमावली काढली. तिच्यावरची धूळ झटकली तेव्हा रांगेतले दोघे शिंकले.

"कशासाठी बंद करायचाय?"

"आईला चालायचंय."

"मिरवणूक?"

"नाही हो. नुसतं चालायचं."

"निदर्शनं? प्रदर्शन? चित्रीकरण? विक्री?"

"चालणं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत."

बाईंनी पानं उलटली. "किती जण?"

"एक."

"एकासाठी बंद होत नाही. एक माणूस चालला तर ती रहदारी." त्यांनी बोट ठेवून वाचलं. "रस्ता बंद करायचा तर सार्वजनिक उपक्रम पाहिजे. सार्वजनिक उपक्रम म्हणजे पन्नासपेक्षा कमी नसलेल्या व्यक्तींचा. हे बघा, नियम सात."

"पन्नास?"

"पन्नास. मग त्याला 'सामूहिक चालणे' म्हणता येईल. आता पुढचं ऐका. नियम नऊ. पन्नासपेक्षा जास्त झाले तर तो मोठा उपक्रम. मग पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, व्यासपीठाचा दाखला."

"व्यासपीठ नाहीये."

"नसल्याचा दाखला."

"म्हणजे पन्नासपेक्षा कमी चालणार नाहीत आणि जास्तही चालणार नाहीत."

"बरोबर."

"म्हणजे बरोब्बर पन्नास."

"तुम्ही पहिले आहात ज्यांना हे एका वाचनात कळलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच जरा माया आली.

खरं सांगायचं तर, रस्त्याच्या सर्व शक्य उपक्रमांतून एकच, नेमका, सोयीचा आकडा उरावा, याचा दशांशला क्षणभर आनंदच झाला. हा आनंद कार्यालयाच्या पायऱ्या उतरेपर्यंत टिकला. मग त्याच्या लक्षात आलं की पन्नास माणसं आणायची आहेत, महिनाअखेरच्या सोमवारच्या आधी एकच रविवार उरला आहे, आणि जिला एका शिवणयंत्राच्या खिडकीची लाज वाटते तिला आपण पन्नासांच्या घोळक्यात चालवणार आहोत.

हे शेवटचं त्याने आईला सांगितलं नाही. "पालिका रस्ता बंद करून देणार आहे," एवढंच म्हणाला.

"माझ्यासाठी?" आई म्हणाली.

"तुझ्यासाठी."

आईने केसांवरून हात फिरवला. बऱ्याच दिवसांनी.

माणसं जमवणं सोपं असेल, असं ज्याला वाटतं त्याने ती कधी जमवलेली नसतात. पहिली पंचवीस माणसं एकाच संध्याकाळी मिळाली, कारण त्यांना वाटलं शेवटी खायला असेल. नसणार असं कळल्यावर तेरा उरली. हेडसरांना खुर्ची परत मिळाली होती, त्यामुळे ते पुन्हा मैत्रीत होते. ते म्हणाले, "माणसांना काम दे. काम दिलं की ती येतात. मला शिट्टी दे." शिट्टी दिली. मग झेंडी मागितली. झेंडी दिली. शिट्टी आणि झेंडी हाती आल्यावर हेडसरांचा आवाज निवृत्तीच्या आधीचा झाला, आणि त्यांनी त्यांच्या एकेकाळच्या विद्यार्थ्यांना, जे आता स्वतः आजोबा होते, दारोदार जाऊन हजेरी लावायला सांगितलं. अठ्ठावीस झाले.

गल्लीतली वाहनं तासभर कुठे न्यायची, हा पुढचा गुंता. शेजारच्या गल्लीत. शेजारच्या गल्लीने विचारलं, "आमच्या गल्लीत का?" वाटाघाटी झाल्या. त्या गल्लीतल्या वीस जणांना यादीत घेतलं तर वाहनं चालतील, असं ठरलं. एरवी त्यांच्यातला एकही चालला नसता, पण दुसऱ्या गल्लीचा उपक्रम म्हटल्यावर आपण त्यात नसणं त्यांना सहन होईना. अठ्ठेचाळीस. व्यायामवाल्या बाई प्रथमोपचार म्हणून आल्या, एकोणपन्नास. आणि यादीत सर्वांत वर, पहिल्या क्रमांकावर, आई.

यादी नावानिशी मंजूर होते, बदल होत नाही, असं खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारताना सांगितलं. बंद होणारा रस्ता घराशेजारच्या इस्त्रीच्या दुकानापासून मोठ्या रस्त्याच्या तोंडापर्यंत, शहाण्णव मीटर. तो दशांशने स्वतः तीनदा मोजून सरासरी काढून दिला होता. मुळात आपण हे कशासाठी करतोय, हे या आठवड्यात तो दोनदा विसरला. एकदा तर त्याने रात्रीच्या जेवणात आईला "पहिला क्रमांक, पाणी हवंय का?" असं विचारलं, आणि आई हसली, कारण तिला वाटलं लेकरू लाडात आलंय.

हा लाड शनिवारी उतरला. शिवणकाकू कापडाचं गाठोडं घेऊन वर आल्या. सहभागींना ओळखचिन्ह पाहिजे, असा नियम बारा होता. काकूंनी पांढऱ्या कापडाचे पन्नास चौकोन शिवले होते, त्यावर लाल दोऱ्याने आकडे, पुढे एक आणि मागे एक, बांधायला नाड्या. काम देखणं होतं. त्यांनी एक नंबरचा आईच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?"

"तुमचा हो. उद्याचा. सगळ्यांत पुढे तुम्ही, मागे आम्ही एकोणपन्नास."

आईने तो चौकोन उलटून बघितला. मागेही एक. "दशांश," ती म्हणाली. ती त्याला या नावाने कधीच हाक मारत नसे. "मला नंबर लावून फिरवणार आहेस? प्रदर्शनातली गाय आहे मी?"

"आई, नियम आहे. नाहीतर रस्ता—"

"एकटीला चालायला रिकामा रस्ता देतो म्हणालास. एकोणपन्नास माणसं भरलीस त्यात!"

"ती भरल्याशिवाय तो रिकामा करता येत नव्हता."

हे वाक्य तर्काला धरून होतं. पण बोलून झाल्यावर ते त्यालाच ऐकवेना. शिवणकाकूंनी गाठोडं बांधलं. "बघा बाई, शिवलंय तर घाला," म्हणत त्या उतरल्या, आणि त्यांचा चेहरा दुःखी होता की नाही, हे जिन्यात अंधार असल्यामुळे सांगता येत नाही. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. गुडघा बदलल्यावर कुशीवर वळू नका, असं सांगितलेलं असताना.

"परवा डॉक्टर आहेत," दशांश दारातून म्हणाला.

"देऊ देत भूल. निदान तेवढा वेळ कुणी बघणार तरी नाही."

रविवारी चारला पालिकेचा निरीक्षक आला. बारीक, घामेजलेला, हातात लांब दांड्याचं एक चाक. रस्त्यावरून ढकललं की दांड्यावरच्या चौकटीत मीटर मोजणारं. ते चाक बघून दशांशच्या मनात काहीतरी हललं, पण वेळ ती नव्हती. गल्ली खरोखर रिकामी झाली होती. एकही स्कूटर नाही. जी मोटार हलत नव्हती ती सहा जणांनी ढकलत नेली होती आणि तिच्या जागी चार हिरवे चौकोन उरले होते. दोन्ही टोकांना पालिकेचे लोखंडी अडथळे. आणि मधे, छातीला आणि पाठीला आकडे बांधलेली माणसं.

निरीक्षकाने मोजायला सुरुवात केली. "बावन्न."

"शक्य नाही," दशांश म्हणाला. तिघे नुसतेच बघायला आले होते. त्यांना अडथळ्याबाहेर काढलं. पुन्हा मोजलं. सत्तेचाळीस. दोघे पाणी प्यायला गेले होते. ते आले तोवर खिडक्यांतली माणसं खाली उतरली होती, कारण रस्त्यात पन्नास माणसं आकडे बांधून उभी आहेत म्हटल्यावर कोण घरात बसेल? छप्पन्न.

"मोठा उपक्रम," निरीक्षक म्हणाला आणि खिशातून पेन काढलं.

"अहो, ते प्रेक्षक आहेत!"

"प्रेक्षक कोण आणि सहभागी कोण, हे मी कसं ओळखायचं?"

"आकडे आहेत ना."

"आकडा नियम बारामध्ये. गर्दी नियम नऊमध्ये. नऊ आधी येतो." त्याने जरा विचार केला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला मोजून घरी जायचं होतं. "असं करू. पाय थांबलेले ते प्रेक्षक. हलत असतील ते सहभागी."

हेडसरांनी शिट्टी फुंकली. "सहभागींनी पाय हलवत राहावं! प्रेक्षकांनी हलू नये!"

आणि मग त्या गल्लीत पंधरा मिनिटं जे चाललं ते कुणी लांबून पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, जमीन तापली आहे. आजोबा झालेले विद्यार्थी जागच्या जागी पाय उचलत होते. शेजारच्या गल्लीचे वीस जण चढाओढीने गुडघे वर घेत होते. एका प्रेक्षकाला मुंगी चावली, त्याने पाय झटकला, आणि निरीक्षकाने त्याला मोजलं. दशांश या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता, माणसं ढकलत, माणसं ओढत, "तुम्ही थांबा, तुम्ही हला," आणि दर दोन मिनिटांनी वर बघत होता. आईची खिडकी बंद होती.

शेवटी निरीक्षकाचा आकडा ठरला. "एकोणपन्नास. कोण नाही?"

"एक नंबर," कुणीतरी म्हणालं.

"एक नंबरशिवाय उपक्रम होत नाही. पन्नासपेक्षा कमी म्हणजे रहदारी, आणि रहदारी म्हणजे रस्ता उघडायचा." तो अडथळ्याकडे वळला. "कुणासाठी एवढा खटाटोप केलात, त्या आहेत कुठे? माणसाने अर्ज करण्याआधी घरी तरी विचारावं. शिकलेले दिसता."

 पन्नास जणांची यादी दशांशच्या हातात चुरगळत होती आणि त्याचा पाय, कुणी सांगितलेलं नसताना, हलत होता. तेवढ्यात शिवणकाकू पुढे आल्या. त्यांच्या छातीवर दोन नंबर होता.

"अहो साहेब, त्यांना आता नाही व्हायचं हो ते," त्या म्हणाल्या, आणि दया दाखवायची असली की माणूस आवाज मोठा करतो, तसा त्यांनी केला. "गुडघ्याचं दुखणं म्हणजे काय खाऊ आहे? त्या बसू देत वर. मी दोन फेऱ्या मारते, एक माझी आणि एक त्यांची. एवढं माणुसकीने घ्या. त्या पण घ्यायच्या हो माझ्या मिरच्या."

गल्लीत एकोणपन्नास जणांचे पाय थांबले. वर एक खिडकी उघडल्याचा आवाज झाला, आणि मग लगेच बंद झाल्याचा.

जिन्यात वॉकर वाजायला लागला. एक पायरी, टक्. एक पायरी, टक्. दशांश धावत गेला, तर ती मधल्या वळणावर एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने वॉकर घडी करून धरून उभी होती. केस विंचरलेले. छातीवर, जरा तिरका बांधलेला, एक नंबर.

"बाजूला हो," आई म्हणाली. "आणि ते मागचं बांध. एका हाताने बांधता येत नाही मला."

"आई, तू हळू—"

"पाठीवर बांध म्हटलं ना."

त्याने बांधला. त्याची गाठ दोनदा चुकली.

ती खाली आली तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. हेडसरांनी सगळ्यांना नजरेने दाबून ठेवलं होतं. तेवढी अक्कल मात्र त्यांनी दाखवली. निरीक्षक म्हणाला, "पन्नास," आणि लिहून घेतलं. आई शिवणकाकूंसमोर थांबली.

"काय हो, माझी फेरी तुम्ही मारणार होतात?"

"तसं नव्हे हो ताई—"

"मारा ना. माझ्या मागून या."

तिने वॉकर टेकला आणि निघाली. टक्, पाऊल, पाऊल. टक्, पाऊल, पाऊल. दशांशने निरीक्षकाच्या हातातून ते चाक जवळजवळ हिसकावलंच आणि तिच्या मागे धरलं. मागून एकोणपन्नास माणसं, तिच्या वेगाने, म्हणजे बहुतेक जागच्या जागीच. शिवणकाकू सर्वांत पुढे, आणि दर चार पावलांना त्यांना थांबावं लागत होतं. चौकटीत आकडे फिरत होते. दहा. वीस. बत्तीस. चाळीसला आईच्या मानेवर घाम दिसला. पंचेचाळीसला ती थांबेल असं वाटलं, पण तिने फक्त वॉकरवरची पकड बदलली.

"बसतेस का जरा?" दशांश म्हणाला.

"बोलू नकोस. मोजतेय मी."

साठ. व्यायामवाल्या बाईंनी मागून काहीतरी म्हटलं. आई थांबली नाही. एकसष्ट, सत्तर, ऐंशी. हेडसर झेंडी घेऊन मोठ्या रस्त्याच्या अडथळ्याशी उभे होते. ती जवळ आली तशी त्यांनी शिट्टी फुंकली आणि झेंडी आडवी धरली.

"शाब्बास वहिनी! हद्द आली. आता मागे फिरा."

"सरका, मास्तर."

"अहो, परवानगी इथपर्यंतच आहे."

"मागे फिरवत नाही मला," आई म्हणाली. "सरळ चालायला काही होत नाही. वळायला होतं. घरात चार पावलं गेलं की वळा, पुन्हा चार पावलं की वळा. जीव जातो वळताना. महिनाभर सगळे म्हणतायत चाला, चाला. कुणी विचारलंय काय दुखतं ते?"

हेडसरांनी दशांशकडे बघितलं. दशांशने चाकाकडे बघितलं. मग हेडसरांनी अडथळा एका बाजूने धरला, दशांशने दुसऱ्या बाजूने, आणि तो उचलून बाजूला ठेवला.

"अहो, शहाण्णव!" मागून निरीक्षक धावत आला. "शहाण्णवच मंजूर आहेत! पुढे रहदारी आहे!"

पुढे खरोखर रहदारी होती. एक बस, एक सामानाची गाडी आणि मागे स्कूटर. पहिल्या स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला. आईने वॉकर टेकला, मान त्याच्याकडे वळवली, आणि एवढंच म्हणाली, "वाजव की. अजून वाजव." त्याने वाजवला नाही. बस थांबली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. त्या सगळ्यांना, पन्नास आकडे मोजून मंजूर झालेल्या लोकांत नसलेल्या त्या सगळ्यांना, एका बाईच्या छातीवर लाल दोऱ्याने शिवलेला एक दिसत होता. आईला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. शिवणकाकू तिच्या मागे होत्या, आणि जरा धापा टाकत होत्या.

"ताई, हळू हो," त्या म्हणाल्या.

"तुम्ही या मागून," आई म्हणाली.

रस्त्याच्या पलीकडे पदपथाला लागून बसथांब्याचं बाकडं होतं. आईने तिथपर्यंत पोचून वॉकर पुढे सरकवला, दोन्ही हात मागे टेकले आणि उजवा पाय जरा लांब सोडून बसली. निरीक्षक घाम पुसत चाक परत मागायला आला. दशांशने दिलं नाही, आधी खाली वाकून चौकटीतला आकडा वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

एकशे एकोणतीस मीटर, चाळीस सेंटिमीटर.